टेक्का, मागेन आबोथ आणि आपल्याला उच्चार शिकवणारे

सिंगापूर शहरात सेरंगून रोड नावाचा एक जुना रस्ता आहे. फुलांच्या माळा, मसाल्याची दुकाने, देवळे आणि भाजीबाजार पाहून आपल्याकडच्या माणसाला तेथे दादरची नाहीतर भायखळ्याची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. या रस्त्यापासून चालत पंधरा-वीस मिनिटांवर, वॉटर्लू स्ट्रीटवर, यहुदी लोकांचे सिनेगॉग आहे. ते १८७८ साली उघडले. त्याचे नाव मागेन आबोथ. आपल्या अलिबागच्या इस्राएल आळीतल्या सिनेगॉगचे नावही मागेन आबोथच, आणि ते १८४८ सालचे. सिंगापूरचे सिनेगॉग बगदादी व्यापाऱ्यांनी बांधले, अलिबागचे आपल्या बेने इस्राएल लोकांनी. दोन्हीकडे नावाच्या मधोमध 'ब' आहे आणि शेवटी 'थ' आहे. इस्राएलमध्ये जन्मलेली आपली नातवंडे मात्र हेच नाव 'मागेन आवोत' असे वाचतात. हिब्रू अक्षरे तिन्ही ठिकाणी तीच आहेत.

मग खरा उच्चार कोणता? हा प्रश्न आपल्या घराघरांत निघतो. आजोबा 'सिसिथ' म्हणतात आणि नातू हसून 'त्सित्सित' म्हणतो. आजोबा गप्प बसतात. आपल्याला चुकीचे शिकवले गेले की काय, अशी शंका त्यांच्या मनात राहते. या शंकेचे उत्तर आम्ही या लेखात इतिहासातून द्यायचा प्रयत्न करणार आहोत. सुरुवात सेरंगूनपासून करू, कारण एकाच अक्षराचे चार उच्चार कसे होतात हे तेथे रस्त्यावरच दिसते.

सेरंगून हे नाव मुळात मलय भाषेतले. पाणथळ जागी राहणाऱ्या 'रांगगोंग' नावाच्या पक्ष्यावरून ते पडले, असे सर्वसाधारणपणे मानतात. तमिळ लोक त्याचे 'सिरांगून' करतात, तर मँडरिन चिनी बोलणारे 'शिलोंगगांग'. रस्त्याच्या सुरुवातीला मोठा बाजार आहे, त्याची गोष्ट अधिक बोलकी आहे. होक्केन ही चिनी बोली बोलणाऱ्या जुन्या लोकांनी या जागेला 'बांबूच्या पायथ्याशी' अशा अर्थाचे नाव दिले होते. त्याचे बोलता बोलता 'टेक्का' झाले. चिनी, मलय, तमिळ सगळेच टेक्का म्हणत. १९७९ साली सरकारने चिनी लोकांनी बोली सोडून मँडरिन बोलावे अशी मोहीम काढली. पुढे तीन-चार वर्षांच्या आत बाजार नव्या इमारतीत गेला, तेव्हा त्याच चिनी अक्षरांचा मँडरिन उच्चार घेऊन फलकावर 'जूजिआओ' असे नाव लागले. अक्षरे जुनी, अर्थही जुना. पण ते नाव लोकांच्या तोंडी बसेना. शेवटी २००० साली 'टेक्का' हे नाव अधिकृतपणे परत आले.

येथे कोणी खोटे बोलत नव्हते. होक्केन उच्चारही खरा होता आणि मँडरिन उच्चारही खरा होता. अक्षर कागदावरून कितीही लांब जाऊ शकते. आवाजाला मात्र एका माणसाच्या तोंडातून दुसऱ्याच्या कानात जावे लागते. म्हणून उच्चारांचा इतिहास शोधायचा तर शिकवणाऱ्या माणसांचा इतिहास शोधावा लागतो.

याच सेरंगून रोडला लागून बेलिलिओस रोड आहे. आय. आर. बेलिलिओस हे कलकत्त्याहून आलेले यहुदी व्यापारी. त्यांचा गुरांचा मोठा व्यापार होता. जवळच बफेलो रोड आणि कर्बाव रोड आहेत. मलय भाषेत कर्बाव म्हणजे म्हैस. म्हशींच्या गोठ्यांच्या या वस्तीत एका यहुदी माणसाचे नाव आजही फलकावर आहे. नाव बदलल्याचेही एक उदाहरण सिंगापूरला आहे. १९५५ साली सिंगापूरचे पहिले मुख्यमंत्री झालेले डेव्हिड मार्शल हे बगदादी यहुदी घराण्यातले. त्यांचे मूळ आडनाव माशाल. इंग्रजी तोंडाला सोपे जावे म्हणून त्याचे मार्शल झाले. त्यांच्याच कारकिर्दीत नेमलेल्या सर्वपक्षीय समितीने १९५६ साली चिनी, मलय, तमिळ आणि इंग्रजी या चारही भाषांच्या शाळांना सारखे वागवावे, अशी शिफारस केली.

आता सिंगापूरच्या एका जुन्या शिक्षकाकडे वळू, कारण त्यांच्यापासून आपल्या कोकणापर्यंत एक धागा येतो. मुन्शी अब्दुल्ला १७९६ साली मलाक्का येथे जन्मले. मलाक्क्याच्या किल्ल्यातल्या हिंदुस्थानी शिपायांना त्यांनी शिकवले आणि त्या शिपायांनीच त्यांना 'मुन्शी' ही पदवी दिली. पुढे त्यांनी सिंगापूरला इंग्रज अधिकाऱ्यांना आणि मिशनऱ्यांना मलय भाषा शिकवली. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी एका मिशनऱ्याविषयी तक्रार लिहून ठेवली आहे. तो गृहस्थ मलय शिकायला येई, पण भाषा आपल्याच भाषेच्या साच्यात बसवू पाही आणि सुधारून सांगितले तर ऐकत नसे. ज्याची ती मायबोली आहे त्याच्या कानाला बरे लागते की नाही, ही अब्दुल्लांची कसोटी होती. हे आत्मचरित्र लिहायचा आग्रह त्यांना आल्फ्रेड नॉर्थ यांनी केला. नॉर्थ हे अमेरिकन मिशनच्या छापखान्याचे काम पाहत. याच अमेरिकन मिशनची माणसे १८१३ साली मुंबईत उतरली होती आणि त्यांनी मुंबईत व कोकणात मराठी शाळा काढल्या होत्या. त्या शाळांत आपल्या समाजाची मुले शिकली आणि त्यांतली काही पुढे त्याच शाळांत मास्तर झाली. सिंगापुरात मलय आणि कोकणात मराठी, असे काम एकाच मिशनचे चालले होते.

पण आपल्या हिब्रूचा इतिहास शाळांच्या फार आधी सुरू होतो. कोकणात तेल गाळणाऱ्या आपल्या पूर्वजांजवळ पोथी नव्हती. शनवार पाळणे, सुंता, काही उपास आणि 'शेमा इस्राएल' एवढे शिल्लक राहिले होते, असे आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो. म्हणजे कित्येक शतके आपल्याजवळ हिब्रू अक्षर नव्हते, फक्त हिब्रूचा आवाज होता. आई मुलाच्या कानात सांगे आणि मूल तसेच म्हणे. मग दाविद राहाबी आले. ते कोणत्या शतकात आले याबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. त्यांनी तीन घराण्यांतल्या माणसांना निवडून धर्मविधी आणि हिब्रू वाचन शिकवले. झिराटकर, शापूरकर आणि राजपूरकर ही ती घराणी, आणि आपले काझी त्यांच्यापासून चालू झाले. काझी गावोगाव फिरत आणि जे वाचायला शिकले होते ते पाठ म्हणून दाखवत. आपल्या समाजातले उच्चाराचे हे पहिले शिक्षक.

१७९६ साली सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल एझिकेल दिवेकर, यांनी मुंबईला शाआर हारहामीम हे आपले पहिले सिनेगॉग बांधले. आपले लोक त्याला जुनी मशीद म्हणत आले. सिनेगॉग झाले म्हणजे रोजची तेफिला आली, तोराचे वाचन आले आणि वाचणारा माणूस लागला. तो कोचीनहून आला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कोचीनकर शिक्षक मुंबईला आणि कोकणात येऊन राहिले. त्यांपैकी श्लोमो सालेम शुराबी यांचे नाव आपण विसरता कामा नये. ते आपल्या लोकांचे हझान होते. वर्षाला शंभर रुपये मिळत, तेवढ्यात भागत नसे म्हणून ते पुस्तके बांधायचेही काम करत. १८५६ साली ते मुंबईतच वारले. त्यांच्यासारख्यांच्या तोंडून आपण पियुतीम ऐकले आणि तसेच म्हणायला शिकलो.

दुसरा शिक्षक स्कॉटलंडहून आला. डॉ. जॉन विल्सन १८२९ साली मुंबईला आले आणि १८३२ साली त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाची मूलतत्त्वे सांगणारे पुस्तक काढले. त्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता, हे आपल्या वडिलांना ठाऊक होते. त्यांनी विद्या घेतली आणि धर्म आपलाच ठेवला. हिब्रूचे नियम मराठीतून समजले, तेव्हा पाठांतर करणारा माणूस वाचक झाला. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हागादा शिळाप्रेसवर छापली गेली.

या दोन प्रवाहांचा संगम जोसेफ एझिकेल राजपूरकर यांच्यात झाला. त्यांचा जन्म १८३४ सालचा. विल्सनसाहेबांच्या संस्थेत ते शिकले. १८५६ साली डेव्हिड ससून यांच्या शाळेत ते शिक्षक झाले, १८६१ साली मुख्याध्यापक झाले आणि सुमारे चाळीस वर्षे त्यांनी ते काम केले. १८७१ साली मुंबई विद्यापीठाने त्यांना हिब्रूचे परीक्षक नेमले. आपल्या प्रार्थनांची त्यांनी केलेली मराठी भाषांतरे आपल्यापैकी अनेकांच्या घरी होती. या शाळेत बगदादी कुटुंबांची मुले शिकत. म्हणजे कोकणातल्या घराण्याचा शिक्षक अरबी बोलणाऱ्या घरांतल्या मुलांना हिब्रू शिकवत होता. त्याच्या एका कानावर मराठी हिब्रू होते आणि दुसऱ्या कानावर बगदादी हिब्रू. पुढे १८७५ साली हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजासाठी शाळा काढली. तीच पुढे माझगावची सर एली कदूरी शाळा झाली, आणि आपल्या कित्येक वाचकांनी तेथे हिब्रूची पहिली अक्षरे गिरवली असतील.

बगदादी लोकांच्या पठणात 'ताव' या अक्षरात टिंब नसले तर जीभ दातांच्या मध्ये येऊन हवेचा सूर निघतो. 'बेथ' या अक्षराचा ते सरसकट 'ब' करतात. 'हेत' आणि 'आयिन' ही दोन्ही अक्षरे घशाच्या तळातून, अरबीसारखी, वेगवेगळी काढतात. ससून घराणे मुंबईला, बेलिलिओस आणि मेयर सिंगापूरला, कदूरी हाँगकाँग आणि शांघायला अशी ही मंडळी पसरली. त्यांच्याबरोबर हा उच्चारही समुद्रकिनाऱ्याने पुढे गेला. म्हणून सिंगापूरच्या दारावर 'आबोथ' आहे. आपल्या 'बेथ एल' आणि 'तिफेरेथ इस्राएल' या सिनेगॉगांच्या नावांतही तोच 'थ' आहे. तो अडाणीपणाचा नाही. चार देशांत चाललेल्या एका जुन्या पठणाशी आपल्याला जोडणारा तो 'थ' आहे.

तरीही आपला 'थ' थेट बगदादी 'थ' नव्हता. याचे कारण आपली बाराखडी. मराठी 'थ' म्हणताना जीभ दातांना टेकते, हवा क्षणभर अडते आणि मग जोराने सुटते. बगदादी 'थ' मध्ये हवा अडतच नाही. हिब्रूचा सूर मराठी तोंडात आला तेव्हा तोंडाने आपल्याजवळ होते त्यातले सर्वांत जवळचे अक्षर दिले. 'बेराखा' मधल्या 'ख' चे तसेच झाले. आपला 'ख' म्हणजे 'क' आणि त्यामागे श्वास; हिब्रूचा 'ख' घसा खाकरल्यासारखा. 'आयिन' ला मराठीत जवळचे अक्षरच नाही, म्हणून तो 'अ' मध्ये विरून गेला.

हे तोंडातले व्यवहार समजून घ्यायची विद्या म्हणजे ध्वनिशास्त्र. ही विद्या नव्या काळात युरोपात वाढली, तिच्यात भाषाशिक्षकांचा पुढाकार होता. १८८६ साली पॅरिसमध्ये पॉल पासी आणि इतर काही शिक्षकांनी एक संघ काढला, त्याच संघाने पुढे जगभर वापरली जाणारी ध्वनिलिपी तयार केली. पुस्तकातले शब्द मुलांना वाचता येतात पण बोलता येत नाहीत, ही त्यांची अडचण होती. १९६८ साली आग्नेय आशियाच्या शिक्षणमंत्र्यांच्या संघटनेने सिंगापूरला भाषाशिक्षकांसाठी खास केंद्र काढले, तेही याच गरजेतून. आपल्याकडे मात्र ही विद्या फार पूर्वीच बाराखडीत बसवलेली आहे. क, च, ट, त, प असे वर्ग घशापासून ओठांपर्यंत ओळीने येतात. जो मुलगा कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे शिकला, त्याच्या हाती ध्वनिशास्त्राचा अर्धा पाठ आला.

हिब्रू शिकवताना याचा फार उपयोग होतो. मराठीत 'च' दोन आहेत. 'चित्र' आणि 'चार' यांतला एक, 'चूल' आणि 'चाक' यांतला दुसरा. हा दुसरा 'च' म्हणजेच आजच्या इस्राएलमधला 'त्सादी'. इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला शब्दाच्या सुरुवातीला तो काढायला कष्ट पडतात. आपल्या आजीच्या चुलीत तो रोज पेटत होता. 'हेत' साठी चष्म्याची काच पुसताना आपण जी वाफ सोडतो ती आठवावी आणि घसा थोडा आवळावा. मराठी 'ह' मध्ये कंठ थरथरतो; 'हेत' मध्ये थरथरता कामा नये. गळ्यावर बोट ठेवून पाहिले तर फरक कळतो. 'दुःख' या शब्दातला विसर्ग नीट म्हणणाऱ्या माणसाला तो लवकर साधतो.

आता नातवाच्या 'त्सित्सित' कडे येऊ. आजच्या इस्राएलचा उच्चार आकाशातून पडलेला नाही. तोही शिक्षकांनीच ठरवला. १९०३ साली झिख्रोन याकोव येथे हिब्रू शिक्षकांची परिषद भरली. त्यांतले बहुतेक पूर्व युरोपातले, म्हणजे अश्केनाझी उच्चारात वाढलेले. तरी त्यांनी शाळांत सेफारदी उच्चार शिकवायचे ठरवले. पुढे भाषा समितीने 'हेत', 'आयिन', 'तेत' आणि 'कोफ' हे पूर्वेकडच्या यहुद्यांप्रमाणे वेगळे म्हणावेत असेही सुचवले. ते बहुतेकांच्या जिभेला जमले नाही. त्यांच्या तोंडी 'हेत' आणि मऊ 'काफ' एक झाले, 'आयिन' गळून पडला आणि 'त्सादी' जर्मन वळणाचा राहिला. १९४९ साली जेरुसलेमला पहिला उल्पान सुरू झाला, आणि तेथून पुढे आलेल्या सर्वांना, आपल्या लोकांनाही, हाच मिश्र उच्चार शिकवला गेला. म्हणजे युरोपातून आलेल्या शिक्षकाने आपल्या तोंडाला जमेल ते ठेवले. कोकणातल्या काझीनेही तेच केले होते.

आपल्या शास्त्रांत या विषयाची दोन्ही टोके आहेत. शोफतीमच्या पुस्तकात यार्देन नदीच्या उतारावर एका 'श' साठी बेचाळीस हजार माणसे मारली गेल्याची कथा आपण वाचतो. शेमाची अक्षरे नीट न उच्चारणाऱ्याचे कर्तव्य पुरे झाले की नाही, यावर मिश्नामध्ये दोन रब्बींची दोन मते आहेत. तालमूदमध्ये 'आलेफ' आणि 'आयिन' यांची गल्लत करणाऱ्या गावांतल्या लोकांना तेफिला चालवायला पुढे करू नये, असेही सांगितले आहे. पण मिद्राशमध्ये दुसरी बाजू येते. साधा अशिक्षित माणूस 'प्रेम कर' याऐवजी चुकून 'द्वेष कर' असे वाचतो, आणि परमेश्वर म्हणतो की त्याची ही चूकही मला प्रेमाचीच वाटते. आपल्या वडिलांनी हे दोन्ही सांभाळले. चांगला हझान मिळावा म्हणून त्यांनी पदरचे पैसे मोडून कोचीनहून माणसे ठेवून घेतली, आणि ज्याला वाचता येत नव्हते त्यालाही बाकावरून उठवले नाही.

सिंगापूरला आजची गोष्ट पाहू. तेथील शाळांत मातृभाषा म्हणून भारतीय मुलांना तमिळ घेता येते. १९८९ साली हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती आणि उर्दू यांनाही मान्यता मिळाली. मराठी त्यांत नाही. म्हणून मराठी घरातले मूल बहुधा हिंदी घेते. देवनागरी शिकून ते मराठी पुस्तक भराभर वाचू लागते, आणि आईबाप खूश होतात. पण त्याने 'चूल' वाचले की हिंदीतला 'च' ऐकू येतो, आणि 'बाळ' वाचले की 'बाल' ऐकू येते. लिपी आली, आवाज आला नाही. गंमत अशी की सेरंगून रोडवरच्या तमिळ दुकानदाराच्या बोलण्यात तो 'ळ' दिवसभर असतो. मुलाच्या कानापर्यंत तो पोहोचतो, पण त्याच्या वाचनाशी त्याची गाठ कोणी घालून देत नाही. ती घालून देणे हे शिकवणाऱ्याचे काम आहे.

अश्दोद, लोद, दिमोना आणि बीरशेवा येथल्या आपल्या घरांतही हेच चालले आहे. नातवंडांची हिब्रू अस्खलित आहे. त्यांना 'ळ', 'ण' आणि दंत्य 'च' ऐकवणारे आता आपणच उरलो आहोत, आणि आपल्या सिनेगॉगांतले जुने पठण ज्यांच्या कानात आहे तेही आपणच. त्यासाठी व्याकरणाची परीक्षा द्यावी लागत नाही. नातवाने 'त्सित्सित' म्हटले तर त्याला म्हणू द्यावे. त्याच्या शिक्षकाने तसे शिकवले आहे. मग आपला 'सिसिथ' त्याला ऐकवावा आणि तो कोठून कोणाच्या तोंडून आला तेही सांगावे: कोचीनहून, बगदादहून, मुंबईच्या शाळेतून. जीभ कोठे टेकवायची ते त्याला दाखवावे. मुले अशा गोष्टी खेळ म्हणून पटकन उचलतात.

वाचकांना आमची एक विनंती आहे. पुढच्या मलिद्याला घरात कोणी मोठे माणूस जुन्या चालीत आणि जुन्या उच्चारात म्हणणारे असेल, तर ते फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा. म्हणणाऱ्याचे गाव, त्यांना कोणी शिकवले आणि साधारण कोणत्या सालात, हे त्याच वेळी विचारून एका कागदावर लिहा. शुराबी यांचे नाव आपल्याला माहीत आहे, कारण ते कोणीतरी लिहून ठेवले. नवगाव, रेवदंडा, पेण, पनवेल या गावांत घरोघर मुलांना शेमा म्हणायला शिकवणाऱ्या कितीतरी आजोबा-आजींची नावे अजून आपल्यापैकी कोणाला तरी आठवत असतील. ती आमच्याकडे पाठवा.